अनुभव धागा: तरुणांना मोटर रेसिंग बघायला कसं बसवावं?

रील्समध्ये फॉर्म्युला वन बघणारी मुलं दोन तासांची शर्यत सुरू झाली की दहाव्या लॅपला उठून जातात. त्यात २०२३ पासून शर्यती टीव्ही चॅनेलवरून ॲपवर गेल्या, त्यामुळे चॅनेल बदलता बदलता सहज नजरेस पडणंही बंद झालं. पुण्यात स्क्रीनिंग करणाऱ्यांनी, कार्टिंग शिकवणाऱ्यांनी, कॉलेजच्या टीमवाल्यांनी काय जमतं आणि कुठे बिनसतं ते नेमकं लिहावं.

स्क्रीनिंगवाला, कर्वेनगर
आधी वेळ बघा. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला, इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची साडेसातला. नव्या मुलांना याच दाखवाव्यात. अमेरिकेतली ऑस्टिनची शर्यत मध्यरात्र उलटल्यावर सुरू होते आणि सकाळी कॉलेज असतं, तिथे पहिल्यांदा बोलावू नये.

हमखास होणारा घोळ म्हणजे मोबाइलवरचं लाइव्ह टायमिंग (कोण कितवा, किती सेकंद मागे याचे आकडे) प्रोजेक्टरवरच्या चित्राच्या पुढे धावतं. ओव्हरटेक पडद्यावर यायच्या आधीच कोणीतरी ओरडतो आणि सगळी मजा जाते. टायमिंग दुसऱ्या लॅपटॉपवर लावा, लॅपचा आकडा पडद्याशी जुळेपर्यंत मागे घ्या आणि सगळ्यांना नोटिफिकेशन बंद करायला सांगा.

पिटवॉल
वेळ जुळली तरी 'गाड्या नुसत्या गोल फिरतात' ही तक्रार राहतेच. कारण मुलं गाड्या बघतात, पडद्यावर डावीकडचे आकडे बघत नाहीत. आधी टायरचे रंग सांगा: लाल म्हणजे सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात. एवढं सांगून झालं की अंडरकट, म्हणजे आधी टायर बदलून पुढे निघण्याची चाल, दाखवा. समजा पुढची गाडी दीड सेकंदाने पुढे आहे. मागची आधी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) जाते आणि नव्या टायरवर एका लॅपमध्ये दोन सेकंद कमावते. पुढची गाडी त्यानंतरच्या लॅपला आत जाऊन बाहेर येते, तेव्हा ती मागे पडलेली असते. फसतो कधी? हार्ड टायर लवकर तापत नाही तेव्हा, किंवा बाहेर पडताना समोर संथ गाडी येते तेव्हा. पिटची वेळ जवळ आली की विचारा, 'आता आधी आत कोण जाईल?' मुलं पैज लावायला लागली की उठत नाहीत.

आणि कृपा करून सुरुवात मोनॅकोच्या शर्यतीने करू नका. तिथे ओव्हरटेक जवळपास होतच नाही. मोनॅकोची शनिवारची क्वालिफाइंग (सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) मात्र जरूर दाखवा.

कार्टिंग कोच, वाकड
पिटवॉल यांना +१, पण त्याआधी एकदा कार्टमध्ये बसवा. भाड्याच्या कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर फिरतात. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, मग वळण, मग ॲक्सिलरेटर. दोन्ही पेडल एकदम दाबली की क्लच तापतो. पहिल्या दोन लॅप टायर थंड असतात, सगळ्यात जास्त गाड्या तेव्हाच घसरून गरकन फिरतात. सीट सैल असेल तर पॅड घाला, नाहीतर बरगड्या दुखतात आणि मूल परत येत नाही. शेवटी लॅप टाइमचा कागद हातात द्या. स्वतःच्या दोन लॅपमधला अर्धा सेकंद कुठे गेला हे शोधायला लागलं, की पडद्यावरचा अर्धा सेकंदही त्याला दिसतो.

कॉलेज टीम
फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या टीमनी वर्कशॉप अकरावी-बारावीच्या मुलांना उघडं ठेवावं. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर धावण्याआधी गाडी ६० अंशांत तिरकी करून इंधन गळतं का बघतात. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हावी लागतात. पेट्रोल इंजिनाला हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधूनच (हवा रोखणाऱ्या अरुंद तुकड्यातून) मिळते. तो तुकडा मुलांच्या हातात द्या, प्रश्न आपोआप येतात.

बालेवाडी
ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ एवढीच झाली, आणि पुण्याहून ते लांबच. सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यती) लीगची पहिली फेरी मात्र जानेवारी २०२४ मध्ये इथे बालेवाडीतच झाली. मातीचा ट्रॅक स्टेडियममध्ये, सगळ्या उड्या एका जागेवरून दिसतात, शर्यती छोट्या. लहान भावंडांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर असंच काही निवडा, आणि कानात घालायला इअरप्लग घेऊन जा.