जुन्या बोटीचे सीकॉक जाम झालेत, कसे सोडवावेत?

शिडवाला:
फायबरची जुनी शिडाची बोट आहे, सध्या पाण्याबाहेर काढलीय. टॉयलेटचे दोन्ही सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातली भोकं बंद-उघड करणारे व्हॉल्व्ह, जागचे हलत नाहीत. जुन्या पद्धतीचे आहेत, आत निमुळता कोन (शंकूच्या आकाराचा फिरणारा भाग) आणि वर बोल्टने आवळलेली पट्टी. इंजिनच्या पाण्याचा बॉल व्हॉल्व्ह मात्र कुरकुरत का होईना, फिरतो. दांडीला लांब पाइप घालून जोर लावला तर चालेल का?

सुकाणू:
पाइप अजिबात घालू नका. दांडी तुटेल, नाहीतर सगळा ताण तळाच्या जोडावर जाईल. बोट बाहेर आहे तोवरच हे काम उरकून घ्या. तरंगत्या बोटीत हे बोल्ट सोडायचे नसतात.

आधी पट्टीचे बोल्ट सैल करा. बरेचदा जाम होण्याचं कारण तेच असतं: कोन गळायला लागला की लोक बोल्ट आवळत जातात. मग फटीत गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी सीकॉकच्या बाहेरच्या बॉडीवर उकळतं पाणी ओता किंवा हीट गन फिरवा. कोन तापायच्या आत बॉडी फुगली पाहिजे, म्हणून उष्णता बाहेरूनच द्यायची. उघडी ज्योत नको, बाजूला फायबर आहे. मग पट्टी काढून, बोटीच्या खालून भोकात लाकडी दांडका धरून हलके ठोके मारा. कोन वर उचलला जातो.

निघाल्यावर घाई करू नका, खरं काम इथे आहे. कोनाला बारीक ग्राइंडिंग पेस्ट (धातू घासायची खरखरीत पेस्ट) लावून बॉडीत बसवा आणि अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवा. मध्ये मध्ये काढून पुसून बघा. सगळीकडे एकसारखा मंद राखाडी रंग आला की थांबा. जास्त घासलं तर कोन खाली बसतो आणि भोकं जुळत नाहीत. खोल चरे असतील तर ते घासून काढायच्या नादी न लागता सीकॉक बदला. पेस्टचा कणही राहता कामा नये, नाहीतर ती आतून घासतच राहील. शेवटी पाण्याने न धुपणारं घट्ट ग्रीस भरपूर लावा. बोल्ट इतकेच आवळा की दांडी हाताने फिरेल, पण सैल वाटणार नाही.

डोलकाठी:
बॉल व्हॉल्व्ह फिरतो म्हणून निर्धास्त राहू नका. सुरीने जरा खरवडून बघा. आतला धातू पिवळा असेल तर ठीक, गुलाबी दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय. असा व्हॉल्व्ह वरून धडधाकट दिसतो आणि हात लावताच मोडतो. तो बदलाच, आणि नवा ब्राँझचा किंवा जस्त न सोडणाऱ्या पितळेचा घ्या.

पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर 38 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला साधारण शंभर लिटर पाणी आत येतं. म्हणून प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा.

शिडवाला:
एक कोन निघाला! गुळगुळीत आहे, चरे नाहीत. दुसरा अजून तेलात मुरतोय. बॉल व्हॉल्व्ह खरवडला तर गुलाबीच निघाला, तो बदलतो. बोट पाण्यात गेल्यावर ग्रीस किती दिवसांनी लावायचं?

सुकाणू:
कोनाला दर वेळी बोट बाहेर काढाल तेव्हा. मधल्या काळात महिन्यातून एकदा तरी सगळे सीकॉक पूर्ण बंद-उघड करा. आणि बोट पाण्यात उतरवल्या उतरवल्या प्रत्येक कोनाभोवती कोरडा कागद फिरवून बघा. ओला झाला तर बोल्ट पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही.