मदत हवी आहे : पागोळ्यांच्या काठाची गोधडी आणि तिचा कोपरा

नमस्कार. गोधडी शिवणाऱ्या, पूर्वी शिवलेल्या किंवा घरात कोणाला शिवताना जवळून पाहिलेल्या सर्वांकडून मला एका अडचणीत मदत हवी आहे. अडचण काठाची आहे, आणि त्यातही काठाच्या चार कोपऱ्यांची.

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी, चारही बाजूंना उतरलेली पाखी आणि त्यांवर नळीची कौले, असे ते साधे घर. वानरांनी कौले फोडण्याचे प्रमाण इतके वाढले आहे, आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला माणसे मिळणे इतके कठीण झाले आहे, की दिवाळीनंतर कौले उतरवून पत्रे घालायचे असे भावाने ठरवले आहे. त्याचा निर्णय मला पूर्णपणे पटतो. गळणाऱ्या घरात राहायचे त्याला आणि वहिनीला आहे, मला नाही. मात्र पत्र्याच्या कडेला सलग पन्हळ लावून पाणी टाकीत घेणार असल्यामुळे वळचणीच्या पागोळ्या, म्हणजे छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा, कायमच्या जातील. म्हणून आईच्या लुगड्यांची एक गोधडी त्या घरासाठीच शिवावी आणि तिच्या काठात त्या पागोळ्या असाव्यात, असे मनात आले.

ज्यांनी नळीची कौले पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण माझे सगळे नक्षीकाम त्यांच्या रचनेवर उभे आहे. या कौलांत एक ओळ उताणी असते आणि दोन उताण्या ओळींच्या कडा झाकणारी एक ओळ पालथी असते. पाणी उताण्या नळीतून वाहत येते, त्यामुळे वळचणीला ते सलग न पडता ठरावीक अंतराने, धारेधारेने पडते. त्या प्रत्येक धारेखाली अंगणाच्या कडेला एकेक खळगा तयार होतो. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात हे खळगे चांगले बोटभर खोल होतात. पाऊस संपल्यावर अंगण चोपून, सारवून नवे केले की ते बुजतात, आणि पुढच्या पावसात नेमके त्याच जागी पुन्हा उमटतात. लहानपणी मी ही ओळ रोज पाहिली आहे. नक्षी म्हणून तिच्याकडे पाहण्याची बुद्धी मात्र ती जाणार हे कळल्यावर झाली.

गोधडीचे माप ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब असे धरले आहे. काठ चारही बाजूंनी ९ इंचांचा आहे, म्हणजे आतला भाग ४२ बाय ७२ इंचांचा उरतो. काठाच्या आतल्या बाजूला पालथ्या नळ्यांच्या अर्धगोल कमानींची ओळ, दोन कमानींच्या मधून बाहेर पडणारी पागोळी आणि अगदी बाहेरच्या बाजूला खळगा, असा क्रम ठेवला आहे. पागोळ्या आतल्या बाजूला पडाव्यात की बाहेरच्या, यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी असे वाटले की गोधडी पांघरणारा माणूस छपराखाली असला पाहिजे आणि पाऊस त्याच्या बाहेर पडला पाहिजे. त्यामुळे मधला भाग हे छप्पर आणि काठ हे अंगण, हे पक्के केले आहे आणि त्यात बदल करण्याची इच्छा नाही.

कमानींसाठी आईचे विटकरी लुगडे घेतले आहे आणि काठाच्या पार्श्वभूमीला वडिलांची धोतरे. लुगड्याचा रंग सुटतो का हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिले. पहिल्या दोन धुण्यांत थोडा उतरला, तिसऱ्यात फडके स्वच्छ राहिले. जुने सुती कापड इतके मऊ असते की त्याची गोलाई कापताना ते हातात सरकते. म्हणून प्रत्येक कमानीसाठी जाड पुठ्ठ्याचा साचा केला, कापडाला खळ दिली, गोल कडेला पाव इंच आत कच्चा दोरा घातला आणि तो साच्यावर ओढून इस्त्री केली. यामुळे कडा एकसारखी दुमडली जाते. अशा ५ इंच अंतराच्या हिशेबाने ३० कमानी तयार आहेत.

खळग्यांसाठी वेगळे कापड लावायचे नाही, असे एका लहान नमुन्यावर काम केल्यानंतर ठरले. धावदोरा दाट घातला की कापड खाली बसते आणि टाके नसलेला भाग फुगून वर येतो, हे आपण सगळ्याच जणी जाणतो. एकात एक अशी चार वर्तुळे जवळजवळ घातली तर तेथे खरोखरच खळगा पडतो, आणि पागोळीचा थेंबाच्या आकाराचा भाग टाक्यांशिवाय ठेवला तर तो उठून दिसतो. अंधारात नुसता हात फिरवला तरी ओळ कळते. हा भाग मला मनापासून आवडला आहे.

आता अडचण. ४२ ला किंवा ७२ ला ५ ने पूर्ण भाग जात नाही. कमानींमधली फट थोडी वाढवली तर आखूड बाजूला ८ आणि लांब बाजूला १४ कमानी बसतात, हा हिशेब मी केला आहे. पण त्यामुळे कोपरा सुटत नाही. दोन बाजूंच्या शेवटच्या कमानी आतल्या टोकाशी एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या बाहेर ९ इंचांचा एक चौकोन पोरका उरतो. त्यात मी कमळ लावून पाहिले, तर ते पैठणीवरून उचलून आणल्यासारखे दिसले. एक कमान तिरपी करून कोपऱ्यात बसवली, तर ती कौल न राहता पान झाली. काठाची पट्टी कोपऱ्यात तिरकी कापून जोडली, तर अर्धी पागोळी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला आली, जे पाहवत नाही.

दुसरा प्रश्न मधल्या भागाचा आहे. आईच्या पाच लुगड्यांचे तुकडे माझ्याकडे आहेत आणि ते सगळे वापरावेत असा मोह होतो. पण काठात इतके काम असताना मध्ये ठिगळांची गर्दी केली तर दोन्हींचे नुकसान होईल, अशीही भीती वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. कौले उतरण्यापूर्वी गोधडी पूर्ण व्हावी अशी इच्छा आहे.

प्रतिसाद

ताई, कोपऱ्याबद्दल माझ्यापेक्षा जाणकार कोणी सांगेल; मी मधल्या भागाबद्दल लिहिते. आमच्याकडे, सातारा जिल्ह्यात, आम्ही गोधडीला वाकळ म्हणतो. माझी सासू वाकळेला कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत आत जायची. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील बायकांच्या कवंदीतही, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, शिवण कडेने सुरू होऊन फेऱ्या घेत मध्यावर संपते. तुम्ही याच पद्धतीने शिवलेत तर काय होईल ते कागदावर काढून पाहा. ४२ बाय ७२ च्या चौकोनात समान अंतराने आत जाणारे चौकोन काढले की त्यांचे कोपरे चार तिरक्या रेषांवर येतात आणि मध्यभागी ३० इंचांची एक सरळ रेषा उरते. चार पाखी, चार कोनवासे (कोपऱ्यांकडे उतरणारे तिरके वासे) आणि मधले आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड)! तुमचे छप्पर वरून पाहिल्यावर असेच दिसणार. त्यामुळे छपरासाठी वेगळी नक्षी शोधण्याचे कारणच नाही. आपल्या रोजच्या टाक्यांत ते आधीपासून आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या प्रसिद्ध आहेत. झिजलेल्या कामाच्या कपड्यांपासून केलेल्या त्या गोधड्यांची चित्रे तेथील टपाल खात्याने २००६ मध्ये तिकिटांवर छापली. त्यांच्यात चौकोनात चौकोन अशी एक रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिला त्या बायका ‘घराचे छप्पर’ असेच म्हणतात. इतक्या दूरच्या बायकांना त्याच रेषांत छप्पर दिसावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

म्हणून माझे मत असे की वरच्या थराला मध्ये एकाच लुगड्याचे सलग कापड ठेवावे आणि बाकीची चार लुगडी आतल्या थरांत व अस्तराला घालावीत. दिसली नाहीत तरी ऊब त्यांचीच असणार आहे. एक सूचना मात्र नक्की लक्षात ठेवा : दाट धावदोऱ्याने गोधडी आकसते. नमुन्यावर आधी आणि नंतर माप घेऊन किती आकसते ते पाहा, आणि त्या हिशेबाने बाहेरच्या कडेला धोतराचे कापड जास्त सोडा. एकदा शिवून झाल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

प्रतिसाद

मी शिवणकाम करत नाही, पण माझे आयुष्य कौलारू घरांच्या सुतारकामात गेले आहे, म्हणून कोपऱ्यावर लिहितो. तुम्ही कोपऱ्यात काय बसवावे ते शोधत आहात. त्याऐवजी तुमच्या घराच्या कोपऱ्यावर पाणी कसे पडते ते पाहावे, अशी विनंती आहे. चौपाखी घरात कौलांची प्रत्येक ओळ वळचणीला काटकोनात असते. मधल्या ओळी आढ्यापासून सुरू होतात, म्हणून त्या सर्वांत लांब असतात. कोपऱ्याकडच्या ओळी मात्र वर कोनवाशापाशीच संपतात. कोपऱ्याच्या जितके जवळ जावे तितकी ओळ आखूड, आणि अगदी टोकाची ओळ तर एखाद्या कौलाचीच असते. जितकी ओळ आखूड तितके तिच्यात गोळा होणारे पाणी कमी. तेव्हा सगळे खळगे सारखे असूच शकत नाहीत. तुमच्या नक्षीत ते सारखे आहेत, आणि कोपरा जुळत नाही याचे कारण मला तेच वाटते.

धागा सुरू करणारीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सुतारकाका, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी वहिनीला फोन केला. गेले चार दिवस तेथे संततधार आहे. आज सकाळी उघडीप मिळाल्यावर तिने चारही कोपऱ्यांची छायाचित्रे पाठवली, आणि एका छायाचित्रात मापासाठी खळग्यांशेजारी पट्टी ठेवली. आपण म्हणता तसेच आहे. मध्यावरचे खळगे वाटीएवढे आहेत. कोपरा जवळ येऊ लागला की ते लहान होत जातात, शेवटचा तर जेमतेम अंगठ्याएवढा आहे, आणि त्यापलीकडे कोपऱ्यातली जमीन नुसती ओली आहे, तेथे खळगा नाहीच. इतकी वर्षे मी ही ओळ पाहिली आणि माझ्या आठवणीत मात्र सगळे खळगे एकसारखे होते.

यावरून नवा हिशेब असा केला आहे. प्रत्येक बाजूच्या दोन्ही टोकांना तीन लहान होत जाणाऱ्या कमानी घ्यायच्या : साडेचार इंच, साडेतीन इंच आणि तीन इंच. कौले खरे तर सारख्याच मापाची असतात, पण खळग्यांबरोबर कमानीही लहान केल्या तर ओळ कोपऱ्याकडे शांतपणे उतरते, म्हणून तेवढे स्वातंत्र्य घेतले आहे. एका टोकाचे हे ११ इंच, दोन टोकांचे २२. आखूड बाजूला ४२ मधून २२ गेले की २० उरतात, म्हणजे पूर्ण मापाच्या ४ कमानी. लांब बाजूला ७२ मधून २२ गेले की ५० उरतात, म्हणजे १०. दोन्ही बाजू फट न वाढवता जुळतात. पूर्ण मापाच्या एकूण २८ कमानी लागतील, त्या तयार आहेत, आणि लहान २४ करायच्या आहेत.

कोपऱ्यातला ९ इंचांचा चौकोन आता मोकळा ठेवणार आहे. त्यात फक्त बाहेरून आत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या फेऱ्या वळतील. मधल्या भागाबद्दल ताईंची सूचना मान्य आहे. वरच्या थराला आईचे तपकिरी लुगडे निवडले असून त्यावर पहिल्यांदा आढ्याची ३० इंचांची रेषा खडूने आखून ठेवली आहे.

आता एकच विचारायचे राहिले आहे. तीन इंचांच्या कमानीची गोलाई इतकी लहान आहे की खळ देऊनही कापडाला चुण्या पडत आहेत. अशा लहान मापासाठी दुमडायची कडा पाव इंचापेक्षा कमी ठेवावी, की कडेला बारीक कात्रे द्यावेत? जुन्या कापडाला कात्रे दिले तर ते धुण्यात उसवेल, अशी मला शंका आहे. कोणी हे जुन्या लुगड्यावर प्रत्यक्ष करून पाहिले असेल तर कृपया लिहावे.