खुर्ची मिळाली की हात जातो का?

छिन्नी

सोळा वर्षं प्रेस टूल, म्हणजे पत्रा कापायचे साचे, करतेय. आधी बेंचवर, मग डिझाइनला, आता दोन्हीकडे. गेल्या आठवड्यात बोलावून सांगितलं, विभागप्रमुख व्हा. टूलरूम, डिझाइन, मेंटेनन्स मिळून बत्तीस माणसं. मी तोंड उघडायच्या आत अभिनंदनही करून टाकलं. 'विचार करून सांगते' म्हटल्यावर समोरचा चेहरा असा झाला की जणू मी पगारच परत केला.

परवाचीच गोष्ट. पत्र्याच्या एका भागाला बर येत होती, म्हणजे कापलेल्या कडेला उभी राहते ती खरखरीत धार. नवा मुलगा पंच, म्हणजे साच्याचा वरचा कापणारा भाग, काढून ग्राइंडिंगला निघाला होता. मी भाग हातात घेतला आणि कडेवरून नख फिरवलं. तीन बाजूंना काही जाणवलं नाही, चौथीला नख अडकलं. पंचाची धार गेली असती तर बर चहूबाजूंनी आली असती. एकाच अंगाला येतेय म्हणजे पंच सरकलाय, त्याच्या आणि खालच्या डायच्या मधली फट एकीकडे जास्त आणि समोर कमी. पत्रा एक मिलिमीटरचा. त्याला एका बाजूची फट साधारण जाडीच्या पाच ते दहा टक्के ठेवतो, म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा. पंचाला सरळ चालवणारा गाइड बुश झिजलेला निघाला. तो बदलला, पंचाला हातही लावला नाही.

उद्या खुर्चीत बसले तर हा भाग माझ्या टेबलापर्यंत येणारच नाही. येईल तो 'रिजेक्शन' नावाचा आकडा, तोही आठवड्याने.

माणूस कामात चांगला आहे म्हणून त्याला त्या कामातूनच उचलायचं, या रीतीबद्दल लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्येच अर्ध्या थट्टेत लिहून ठेवलंय: ज्या पायरीवर जमेनासं होतं तिथपर्यंत माणूस चढत जातो आणि तिथेच राहतो. २०१९ मध्ये अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही तेच दिसलं. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी मात्र उलट घसरलेली.

आणि कोइची तानाका. जपानच्या शिमाझू कंपनीतले इंजिनियर, डॉक्टरेट नाही. प्रयोग सुटू नयेत म्हणून बढतीच्या परीक्षांना बसायचंच टाळत आलेले. २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा वय ४३ आणि हुद्दा अगदी साधा.

मी नाही म्हणणार आहे. चूक वाटत असेल तर सांगा, पण 'संधी पुन्हा येत नाही' हे सोडून काहीतरी सांगा.

खुर्चीतला

असहमत. अगदी मुळापासून.

अकरा वर्षांपूर्वी मी हो म्हणालो. पहिली दोन वर्षं मी विभागप्रमुख नव्हतोच, विभागातला सर्वांत महाग फिटर होतो. काही अडलं की बाह्या सरसावून मशीनवर. लोकांनी हळूहळू स्वतः विचार करणं सोडून दिलं, साहेब येतीलच म्हणून. ते दिवस आठवले की अजून लाज वाटते.

आता तुमच्या गोष्टीकडे वळतो. तुम्ही भाग हातात घेतलात, नख फिरवलंत, बुश बदलला. छान. तो मुलगा त्या वेळी काय करत होता? बघत होता. त्याचं नख तुम्ही त्या कडेवरून फिरवलंत का? सोळा वर्षांचं कसब एका नखात ठेवायचं आणि ते नख रजेवर गेलं की टूलरूम बंद, याला मी कौशल्य म्हणत नाही, अडवणूक म्हणतो. शब्द कडक आहे, राहू दे.

दुसरं म्हणजे खुर्ची रिकामी राहत नसते. तुम्ही बसला नाहीत तर ज्याने आयुष्यात डाय उघडी पाहिली नाही असा कुणीतरी बसेल आणि तुमचा डाय ट्रायलचा, म्हणजे डाय चालवून तपासायचा, वेळ निम्मा करेल. तुम्ही विक्रेत्यांचा अभ्यास आणलात, मी २०१७ चा आणतो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हजारो नोकरदारांच्या माहितीवर अमांडा गुडॉल आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा माणूस नोकरीत समाधानी असण्याशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते वरिष्ठाला कामातलं किती कळतं याचं. वेळ पडली तर वरिष्ठ तुमचं काम करू शकेल का, हाही त्यातला एक प्रश्न होता. तुमच्या बत्तीस जणांना असा वरिष्ठ मिळू नये असं तुम्हाला वाटतं का?

तानाकांचं म्हणाल, तर बढती टाळणारे पुष्कळ असतात. नोबेल एकाला मिळालं म्हणून तो एकच आपल्याला माहीत आहे.

छिन्नी

मुलाच्या बाबतीत टोचलं. नाही फिरवलं त्याचं नख. भाग हातातून घेतलाच मी त्याच्या, आता लिहिताना जाणवलं.

पण शिकवायला खुर्ची कशाला लागते? शिकवणं बेंचवरच होतं. खुर्चीत बसून रजेचे अर्ज मंजूर करता येतात.

रात्रपाळी

मी परिचारिका, बारा वर्षं अतिदक्षता विभागात. इनचार्ज केलं. ड्यूटी लावणं, स्टॉक, रजिस्टर, कुणाची कुणाशी भांडणं. आठ महिन्यांनी परत बेडसाइडला पाठवा म्हणून अर्ज दिला. तीन जणींनी वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, 'काय चूक झाली गं?' स्वतःहून खाली उतरता येतं ही कल्पनाच कुणाला पटेना. मुळात ते 'खाली' कुणी ठरवलं?

आमच्याकडे पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्या शिकवतात, नवशिक्यापासून निष्णातापर्यंत. त्यातली शेवटची पायरी ऑफिसात नाही, खाटेजवळच आहे. मॉनिटरवर दाब ठीक, ऑक्सिजन ठीक, पण पेशंट चादर चिमटीत धरून ओढतोय, वाक्य एका दमात पुरं करत नाही. बिघडतंय हे बहुतेकदा श्वासाच्या गतीवरून आधी कळतं, आणि ती गती घड्याळ लावून मोजायचा कंटाळा सगळेच करतात. हे बघायला कुणीतरी मुरलेलं माणूस खाटेपाशी हवं की नको?

छिन्नीताई, नाही म्हणा. पण नंतर लोक काय म्हणतील त्याची तयारी ठेवा.

उजवी सीट

विमान चालवतो, अजून को-पायलट आहे. मला हा वादच थोडा चुकीच्या जागी उभा वाटतोय.

आमच्याकडे मुख्य वैमानिक म्हणून ऑफिस सांभाळणारा माणूसही उडतो. उडायचं तर सिम्युलेटरवरच्या चाचण्या आहेतच, साधारण वर्षातून दोनदा, आणि तिथे त्याचा हुद्दा कुणी विचारत नाही. इंजिन बंद पडलं, आता उतरवून दाखव, बस. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखही स्वतः शस्त्रक्रिया करतातच की. म्हणजे हात की खुर्ची ही निवड निसर्गाने लादलेली नाही. काही धंद्यांत कुणी तिचा विचारच केला नाही, म्हणून ती तशी पडून राहिलीय.

खुर्चीतला

उजवी सीट, मुद्दा बरोबर, पण तुमच्याकडे नियम आहे म्हणून जमतं. आमच्याकडे मी ठरवलं होतं, दर गुरुवारी अर्धा दिवस मशीनवर. पहिले तीन गुरुवार गेलो. चौथ्याला ग्राहकाची मीटिंग, पाचव्याला ऑडिट. सहावा गुरुवार अजून यायचाय.

छिन्नी

हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात, लक्षात येतंय ना?

खुर्चीतला

येतंय. खोटं कशाला बोलू.

बायनरी बाबा

सॉफ्टवेअरवाल्यांचं ऐका जरा. तुम्ही जे मागताय ते आम्हाला मिळालंय. दुहेरी शिडी! एक व्यवस्थापकांची, दुसरी तंत्रज्ञांची. कल्पना जुनी आहे, आयबीएमने तंत्रज्ञांसाठी 'फेलो' हा सर्वोच्च मान १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढला. आज आमच्या धंद्यात सीनियर, स्टाफ, प्रिन्सिपल अशी पदं सगळीकडे दिसतात.

मी प्रिन्सिपल आहे. पगार व्यवस्थापकाइतकाच, खोटं नाही बोलणार. फक्त ज्या बैठकीत ठरतं त्या बैठकीचं बोलावणं मला नसतं. ठरल्यावर मला विचारतात, 'हे तीन महिन्यांत होईल ना?' दुसऱ्या शिडीला पायऱ्या आहेत, पण वरती दार नाही.

तेव्हा नाही म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की कसब तुमच्याकडे आणि मत दुसऱ्याकडे, असं होणार. २७ जानेवारी १९८६ ची रात्र आठवा. चॅलेंजर अंतराळयान उडायच्या आदल्या संध्याकाळी त्याचे बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे इंजिनियर, त्यात रॉजर बॉइसजोली, फोनवर सांगत होते की इतक्या थंडीत बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी दगा देईल, उडवू नका. त्यांचं बरोबर होतं. निर्णय त्यांच्या हातात नव्हता. उडाल्यावर ७३ सेकंद, आणि सात माणसं गेली.

छिन्नी

बाबा, ती गोष्ट पुरी सांगा की. त्या खोलीत खुर्चीत बसलेला एक इंजिनियरही होता. रॉबर्ट लुंड, इंजिनियरिंगचे उपाध्यक्ष. सुरुवातीला ते स्वतःच्या माणसांच्या बाजूने, उड्डाणाच्या विरोधातच होते. मग त्यांच्या वरच्यांनी, जेराल्ड मेसन यांनी, इंजिनियरची टोपी काढून व्यवस्थापकाची घाला अशा अर्थाचं सांगितलं, आणि लुंड यांनी मत बदललं. चौकशीत हे सगळं नोंदवलं गेलंय. मग जाणकार खुर्चीत असून काय उपयोग झाला? खुर्चीची म्हणून टोपी असते. मला भीती वाटते ती तिची, रजेच्या अर्जांची नाही.

खुर्चीतला

हे मात्र मान्य. मी ती टोपी घातलीय. उडालं-बिडालं काही नाही, एक लॉट पुढे ढकलला, जो मी बेंचवर असताना अडवला असता. महिनाअखेर होती. कारण एवढंच.

जुनं खोड

तरुण मंडळी (सोळा वर्षं म्हणजे माझ्या मते तरुणच), एका गोष्टीवर कुणी बोललंच नाही. डोळे. मला चाळिशी लागली तेव्हा मी महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मग एकदा व्हर्निअर वाचताना शेजारच्याला 'जरा बघ रे' म्हणालो आणि तो काय ते समजला. पाठ, गुडघे, अंगठ्याचा सांधा, सगळं एकेक करून हिशेब मागायला येतं. नखाने बर ओळखता येईल साठीतही, पण शंभर किलोची डाय सरकवता येणार नाही. नाही म्हणताना दहा वर्षांनंतरचं काय, हेही विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. आता स्टोअरमध्ये बसून पावत्या लिहितो, आणि ट्रायल फसली की मुलं गुपचूप येऊन विचारून जातात. पद नाही, पैसे नाहीत, पण येतात.

रात्रपाळी

खोडबाबा, ते वाचून कसंतरी झालं.

टोपीच्या मुद्द्यावर एक. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोरी ओढता येते, आता काही ठिकाणी तिच्या जागी बटण आलंय. ओढली की दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत गाडी पोचेतो अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. याचं मूळ साकिची टोयोडांच्या मागात आहे असं सांगतात, धागा तुटला की आपोआप थांबणाऱ्या. तिथे थांबवायचा हक्क खुर्चीला चिकटवलेला नाही, ज्याला दिसलं त्याला दिलाय. आमच्याकडे चेकलिस्टमध्ये कुठलीही पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं असतं. कागदावर तरी. थांबवून बघा एकदा, मग त्या डॉक्टरांचा चेहरा बघा.

छिन्नीताई, खुर्ची घ्या नाहीतर सोडा. दोरी कुणाच्या हातात, ते आधी विचारा.

छिन्नी

चार दिवसांनी लिहितेय. काल गेले होते, दोन अटी घेऊन. एक, आठवड्यातले दोन दिवस बेंचवर, आणि ते दिवस माझ्या मर्जीवर नाहीत, वेळापत्रकात छापलेले. खुर्चीतल्या साहेबांचे गुरुवार वाचून शहाणी झाले. दुसरी, पहिल्या ट्रायलची सही बेंचवरच्या माणसाची. त्याने नाही म्हटलं तर भाग पुढे जाणार नाही, मी खुर्चीत असले तरी. मला ते मोडायचं असेल तर कारण लिहून, स्वतःच्या नावाने. उद्या माझ्याही डोक्यावर कुणी टोपी ठेवेल, तेव्हा ती अडकायला काहीतरी हवं.

पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर 'बघू' म्हणाले.

खोडबाबांचा दहा वर्षांचा प्रश्न विचारायचा राहिला. खरं सांगायचं तर विचारायची हिंमत झाली नाही.

आणि आज दुसऱ्या एका डायची ट्रायल होती. भाग त्या मुलाच्या हातात दिला आणि हात मागे बांधून उभी राहिले. त्याने वरच्या कडेवरून नख फिरवलं, जिथे बर येतच नाही. जीभ चावून गप्प बसले. मिनिटभराने त्याने आपणच भाग उलटा केला.

खुर्चीतला

'बघू' म्हणजे नाही. लेखी घ्या.