पौषाचा महिना, रोज एक न केलेला पदार्थ: तुमचे अनुभव लिहा

पौष लागला त्या दिवशी ठरवलं, महिनाभर रोज एक असा पदार्थ करायचा जो या हातांनी आजवर केला नाही. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. म्हणून नियम असा ठेवला की नव्या पदार्थासाठी वेगळं सामान आणायचं नाही. वावरात, परसात, डब्यात जे आहे त्यातूनच करायचं. वीस वर्षं चूल सांभाळते आहे, पण वांगी, चून (बेसनाचं पिठलं), तुरीचं वरण, पोळी यापलीकडे हात जात नव्हता. एकदा पोरगा ताटावर बसायच्या आधीच म्हणाला, "आई, आज बुधवार, म्हणजे चून." ते मला फार लागलं.

सुरुवात ओल्या हळदीच्या भाजीने केली. वायगावची हळद आमच्याच भागातली, 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पूड आम्ही वर्षभर वापरतो, पण ओल्या हळकुंडांची भाजी घरात कोणी केल्याचं आठवत नाही. ती राजस्थानातली रीत. पाव किलो हळद किसून तुपात टाकली. दहा मिनिटांनी चाखली तर जिभेला कडू. मंद आचेवर परततच राहिले. अर्ध्या तासाने रंग गडद झाला, तूप कडेला सुटलं आणि कडूपणा गेला. मग सोले (तुरीचे ओले दाणे), दही, तिखट, थोडा गूळ. तूप मात्र वाटीभर लागतं, त्यात हात आखडून चालत नाही. सासूबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या. माझी नखं आठवडाभर पिवळी होती.

तुम्ही असं काही केलं असेल तर लिहा. फसलेलं तर नक्की लिहा, काय चुकलं त्यासकट.

दर्यापूर तालुक्यातून

ताई, तुमचा नियम वाचला आणि तुरीकडे पाहिलं. आमच्याकडे या दिवसांत शेंगांचा ढीग असतो. मी सलग सात दिवस फक्त सोल्यांचेच पदार्थ केले आणि एकही दुसऱ्यासारखा लागला नाही: सोलेभात, सोले-वांगं, सोल्यांचं आळण, वडे, ठेचा, सांबार घालून हिरवी उसळ, शेवटी कचोरी. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

खरं काम सोलण्याचं. किलोभर शेंगांचे दाणे अर्धा किलोही भरत नाहीत. रात्री शेकोटीजवळ सूप घेऊन बसलं की पोरं आपोआप येऊन बसतात, सोलता सोलता निम्मे खातात. पहिल्या खेपेला कचोरी तेलात फुटली. दाणे भरडताना मी पाणी घातलं होतं. दुसऱ्यांदा पाण्याशिवाय भरडले, कोरड्या कढईत वाफ जाईपर्यंत परतले, सारण पूर्ण गार होऊ दिलं. एकही फुटली नाही. ठेच्यासाठी दाणे आधी तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. कच्च्याचा ठेचा हिरवट लागतो.

वाशीमकडे सून म्हणून आलेली, माहेर भंडारा

माझ्यासाठी नवा पदार्थ म्हणजे ज्वारीची भाकर. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, माहेरी दोन्ही वेळा भात. इथे आल्यावर पहिले पंधरा दिवस रोज भाकर थापली आणि रोज ती मोडली. सासूबाई एक दिवस काही न बोलता जवळ बसल्या. पिठाच्या डब्यात बोट घालून चाखलं आणि म्हणाल्या, "पीठ जुनं झालं माय, हे चिकटत नाही." ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाही. पीठ ताजं हवं आणि पाणी कडकडीत. त्यांनी उलथन्याने पीठ कालवलं, हाताला सोसेल तसं तळव्याच्या टाचेने रगडलं, कडा बोटांनी मिटवत गोळा फिरवला. मी त्यांच्या हातांकडेच पाहत होते. सोळाव्या दिवशी माझी भाकर फुगली.

बदल्यात मी त्यांना आयते शिकवले. तांदळाचं पीठ मीठ घालून पातळ भिजवायचं, तापल्या तव्यावर वाटीने गोल ओतायचं, झाकण ठेवायचं. जाळी पडली की झालं. लाखोळीच्या (लाखेच्या) डाळीचे वडेही केले. आमच्याकडे लाखोळी धान कापायच्या आधीच बांधीच्या (धानाच्या शेताच्या) ओलीत फेकतात, धान निघालं की ती वर येते. कधीमधी खायला हरकत नाही, पण रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाऊ नये, त्याने पायांतली शक्ती जाते. आजी हे नेहमी सांगायची.

गडचिरोली जिल्ह्यातून, नोकरीनिमित्त एकटा

मी मूळ बुलढाण्याचा. शेजारच्या काकूंनी वाळवलेली मोहफुलं दिली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे चार पाण्यांनी धुतली, आतले केसर काढले, पुन्हा सुकवून भाजली, भाजलेल्या तिळांबरोबर उखळात कुटली. गूळ घातला नाही, फुलं स्वतःच गोड असतात. केसर नीट निघाले नाहीत तर लाडू दाताखाली करकरतो, हे पहिल्या घाण्याने शिकवलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घरी येताना आण.

हिंगणघाटजवळून

मी अकरा दिवसांत थांबले. ते लिहिणंही गरजेचं वाटतं. सकाळी सात वाजता कापूस वेचायला जावं लागतं, परत येईस्तोवर अंधार. बोटांना बोंडांची टोकं टोचलेली असतात, त्या हातांनी तिखट कालवताना डोळ्यांत पाणी येतं. रोज नवं करण्याची हौस ज्या बाईच्या हाती तिचा वेळ आहे तिला जमते. घरात दुसऱ्या कोणी एक दिवसाआड भाकरी टाकल्या असत्या तर मीही तीस दिवस पुरे केले असते. अकरा दिवसांतलं एकच टिकलं: जवस-तीळ-लसणाची कोरडी चटणी. रविवारी बरणीभर कुटते, आठवडाभर शिदोरीत जाते. जवस तडतडायचे थांबले की लगेच उतरवा, जास्त भाजले तर कडू होतात.

(समुद्रपूरहून: ताई, तुमचं म्हणणं पटलं. "रोज" हा शब्द मी माझ्या सोयीने घातला होता. आठवड्याला एक केलं तरी इथे लिहा. आणि आजपासून आमच्या घरी एक दिवसाआड पोरगा चुलीशी बसेल, हे मी त्याला सांगून टाकलं आहे.)

अकोला जिल्ह्यातून, वय 67

मी आजवर रोडगे सोडून काहीच केलं नव्हतं. तेही वावरात, गोवऱ्यांवर, चार गडी मिळून. बायको पोरीच्या बाळंतपणाले गेली, दोन महिने मी एकटाच. पयल्या दिवशी चून केलं त ताटात नुसत्या गाठी. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन टाकलं होतं. ते फेकलं नाही, तसंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी बेसन आधी थंड पाण्यात कालवलं, मंग कांदा-मिरचीच्या फोडणीत ओतलं आन घोटत रायलो. जमलं. मंग वरण, मंग आलू-वांगं, मंग मेथीची पातळ भाजी. एक वही केली, तिच्यात मिठाचं माप लिवून ठेवलं.

परवा ते परत आली. पिशवी ठेवून पदर खोचत व्हती. मी म्हटलं, बस, आज मी टाकतो. तिनं पयला घास घेतला, जराक थांबली, म्हणे, "मीठ बरोबर हाय." मंग म्हणे, "वही दाखवा."