चोक ओढला तरच चालणारी गाडी
फोंड्यात दोन पावसाळे उघड्यावर राहिलेली आपली जुनी मोटारसायकल चोक ओढला तरच चालते, आणि मेकॅनिक पिस्टन बदलायला सांगतो, असे आपण लिहिले आहे. इंजिन उघडण्याची घाई करू नये. हे लक्षण बहुधा कार्बोरेटरमधील (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातील) पायलट जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तुंबल्याचे असते, कारण चोकमुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढून ती उणीव तात्पुरती भरून निघते. आपल्याकडील दमट हवेत इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते आणि टाकी आतून गंजते, आणि तो गंज पुन्हा जेटमध्ये येऊन अडकतो. म्हणून टाकी रिकामी न करता नुसते जेट साफ करणे व्यर्थ आहे. (जेटमध्ये तार मात्र घालू नये, भोक मोठे होते.) तरीही जोर नसेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) मोजावे; प्लगच्या जागेतून चमचाभर ऑइल सोडल्यावर आकडा वाढला, तरच पिस्टनच्या रिंगांवर किंवा सिलिंडरवर संशय घ्यावा.