एकच घटना निवडा
वंशसंहाराच्या स्मृतीसाठी असलेल्या शिष्यवृत्तीच्या निबंधात तीन-चार घटना घ्याव्यात का, असा प्रश्न पडतो. एकच घ्या. उदाहरणार्थ बोस्नियातलं स्रेब्रेनिका हे गाव: जुलै १९९५मध्ये तिथे ८,०००हून अधिक बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुढे पुरावा लपवण्यासाठी यंत्रांनी थडगी उकरून अवशेष दुसरीकडे पुरले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली, ओळख डीएनएवरून पटवावी लागली. स्मृती का जपायची, हे यातूनच थेट मांडता येतं.

वंशसंहाराची व्याख्या १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहारविरोधी कराराच्या कलम २मधूनच घ्या. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू त्यात कळीचा आहे. नुसता मृतांचा आकडा दिला की मुद्दा इथेच लंगडा पडतो. वाचलेल्यांची साक्ष मात्र त्यांच्याच शब्दांत द्या, स्वतःची विशेषणं जोडू नका.