धनेशाच्या तोंडी भाषण नको
निसर्गावरच्या खेळांत किंवा नाटुकल्यांत झाडा-प्राण्यांच्या भूमिका दिल्या की मुलं "मला तोडू नका हो" असं रडगाणं सुरू करतात, अशी तक्रार असते. खरंय, स्नेहसंमेलनांत ते पुरेपूर दिसतं! पण दोष भूमिकांचा नाही, खेळाच्या नियमांचा आहे. १९८५ साली ऑस्ट्रेलियात जॉन सीड आणि जोआना मेसी या पर्यावरण कार्यकर्त्यांनी 'सर्व जीवांची सभा' सुरू केली. मुखवटे घालून एकेक जण एखाद्या जीवाच्या वतीने बोलतो. काही जण मधे माणूस म्हणून बसतात आणि त्यांनी फक्त ऐकायचं. हा गप्प बसण्याचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

कोकणातल्या देवराईवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानावर, असा खेळ रचता येईल. धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी विणीच्या वेळी बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. एक जण नर, एक मादी, एक बेहडा, एक वड, ज्याची फळं नर आणतो. अट अशी, की आपल्याला दिसतं-लागतं तेवढंच सांगायचं. "वाईट वाटलं" म्हणायला बंदी. मग ऐन विणीच्या हंगामात वड तोडला असं जाहीर करा. मादीला फटीपलीकडचं फारसं कळतच नाही, त्यामुळे तिची गोष्ट नराच्या फेऱ्यांवरूनच पुढे सरकते. अगदी लहान मुलांना हे जरा जड जाईल.